आपापला बाक

ईस्टरनंतरच्या रविवारी उबाळ्यांच्या बाकाने आमच्या पाळकसाहेबांच्या डाव्या हाताची करंगळी खाल्ली.

उपासना संपत आली होती. त्या बाकावर कुणाचं तरी गायनाचं पुस्तक बरेच महिने धूळ खात पडलं होतं. साहेबांना ते बघवेना, म्हणून जाता जाता उचलायला त्यांनी हात पुढे केला. बसायची फळी आपोआप वर उचलली गेली आणि पुन्हा खाली आली. सुपारी कातरल्यासारखा आवाज झाला. साहेबांनी आपल्या हाताकडे पाहिलं, मग पुढे जाऊन दोन्ही हात वर केले आणि आम्हाला आशीर्वाद दिला. एकही शब्द गाळला नाही. रक्त झग्याच्या बाहीतून कोपरापर्यंत उतरलं. आम्ही डोळे मिटून होतो, म्हणजे मिटल्यासारखे केले होते. आमेन म्हटलं आणि आपापल्या घरी गेलो. मी वाटेत पाव किलो मटण घेतलं.

मी सुवार्ता पाटोळे. मिशनच्या शाळेत आयुष्यभर गणित शिकवलं. नवरा वारला, मुलगी पुण्याला असते, आणि मी मिशन कंपाउंडातल्या घरात एकटी राहते. आमचं देऊळ घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. दगडी, उंच, गोऱ्या साहेबांनी बांधलेलं. एके काळी ते इतकं भरायचं की पोरं खिडकीत बसायची. आता आम्ही हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलो आहोत, आणि बोटंही कमी होत चालली आहेत.

देवळात प्रत्येक घराण्याचा एक बाक आहे. बाकांवर कुणाची नावं नाहीत, पण नावांची गरजही नाही. लग्न होऊन मी आले तेव्हा सासूने मला चूल दाखवायच्या आधी बाक दाखवला. दुसऱ्याच्या बाकावर कुणी बसत नाही. तसा नियम कुठे लिहिलेला नाही, म्हणूनच तो मोडता येत नाही. पाळकसाहेब दर रविवारी पुलपिटाच्या उंच ओट्यावरून म्हणतात, "बंधुभगिनींनो, कृपा करून पुढे या. जवळजवळ बसा." आम्ही माना डोलावतो आणि जिथल्या तिथे बसून राहतो. एवढ्या मोठ्या देवळात इकडे एक, तिकडे एक, फरशीवर सांडलेल्या शेंगदाण्यांसारखे.

करंगळीनंतर पंचांची बैठक झाली. पंच म्हणजे मी, नतनेलभाऊ शिंगाडे आणि पाळकसाहेब. बाकीचे पंच येत नाहीत. नतनेलभाऊ पायपेटी वाजवतात, तीच जुनी, पायाने भाता मारायची. ते म्हणाले, "बाक उपाशी आहेत. दुसरं काय?"

"मग काय करायचं?" साहेबांनी विचारलं. हाताला फडकं गुंडाळलेलं होतं.

"करायचं काय? त्यांचं त्यांना द्यायचं."

पुढच्या काही रविवारांत सगळं नीट कळत गेलं. भरलेल्या बाकाला भूक लागत नाही. मेलेल्यांची जागा बाक मागत नाही, मेलेल्यांना माफ आहे. पण जे जिवंत आहेत आणि येत नाहीत, त्यांचा वाटा त्याच घरातल्या येणाऱ्या माणसाकडून घेतला जातो. घरातलं कुणीच येत नसेल तर पाळकाकडून, तीही फक्त आशीर्वादाची बोटं, कारण पाळक सगळ्यांचा. मला यात हिशेबाची चूक सापडली नाही. सापडली असती तर मी सोडली नसती.

नतनेलभाऊंचा एक मुलगा दुबईला आहे. दुसरा इथेच, बसस्टँडसमोर मोबाइलचं दुकान चालवतो, आणि रविवारीच त्याच्याकडे गिऱ्हाईक जास्त असतं. दोघांच्या वाट्याचा मिळून भाऊंचा डावा पाय गुडघ्यापर्यंत गेला. त्या दिवसापासून पेटीचा एकच भाता चालतो. गाण्याला दर ओळीच्या मध्यात धाप लागते, आणि आम्हीही तिथेच थांबून श्वास घ्यायला शिकलो आहोत.

माझ्या बाकावर दोनच जागांचा प्रश्न होता. एक माझी, ती भरलेली. दुसरी शारोनची.

शारोन माझी एकुलती एक. पुण्यात एका लॅबमध्ये रक्त तपासते. देवळात येणं तिने कधीच बंद केलंय, भांडून नाही, शांतपणे. एका रविवारी सकाळी मी साडी नेसून तयार झाले, आणि ती गाऊनमध्येच चहा पीत बसली होती. म्हणाली, "आई, मला तिथे काही वाटत नाही. काहीच नाही. मी खोटं खोटं बसू का?"

"बस," मी म्हणाले. "आम्ही काय सगळे खरे बसतो का?"

ती हसली, मग रडली, आणि आली नाही. मला तिचा राग आला. खरं सांगते, इतका राग आला की त्या दिवशी प्रार्थनेत मी देवाला तिचं नावसुद्धा सांगितलं नाही. पण तिची जागा मात्र धरून ठेवली. पूर्वी नाताळच्या गर्दीत आम्ही रुमाल टाकून जागा धरायचो, तसा मी दर रविवारी माझ्या शेजारी तिचा रुमाल पसरते. निळ्या काठाचा, तिने शाळेत स्वतः शिवलेला.

बाकाने आधी तो रुमाल खाल्ला. मी दुसरा टाकला, तोही खाल्ला. मग माझ्या डाव्या पायाची बोटं घेतली, सगळी एकदम, दुसऱ्या गाण्याच्या पहिल्या कडव्यात. दुखलं का? दुखलं. पण वरच्या पट्टीतलं कडवं होतं, त्यामुळे माझा आवाज वेगळा ऐकू आला नाही. पावसाळ्यात डावा कान गेला. तो मी स्वतः वाकून दिला, कारण बाकाला खांद्याच्या वर पोचता येत नव्हतं आणि तो चिडून माझी मांडी कुरतडत होता. पुढे हात. डावा, कोपरापर्यंत. उजवा मी मुद्दाम राखून ठेवला. स्वयंपाकाला लागतो.

सरकारी दवाखान्यात ड्रेसिंग करणारी नर्स आता माझ्या ओळखीची झाली आहे. लताबाई त्यांचं नाव. पट्टी बांधता बांधता त्या म्हणाल्या, "तुमच्या लोकांचं फारच व्हायला लागलंय हो हे."

"आमचंच असं नाही."

"ते खरंय म्हणा. आमच्या भजनी मंडळात दोनच बुवा उरलेत. परवा टाळांनी एकाचं नाक नेलं." त्यांनी पट्टीची गाठ मारली. "मी म्हणते, तुम्ही जाताच कशाला?"

त्यांना सांगून कळलं नसतं, पण जायचं कारण साधं होतं. ते कारण उबाळ्यांच्या बाकाने दाखवून दिलं होतं.

पाळकसाहेबांची दोन्ही हातांची बोटं संपली तेव्हा उबाळ्यांच्या बाकाला त्यांच्याकडून मिळण्यासारखं काही उरलं नाही. एका रविवारी आम्ही गेलो तर बाक जागेवर नव्हता. फरशीवर चार पायांचे ओरखडे होते. ते दारातून बाहेर गेले होते, पायऱ्या उतरले होते आणि डांबरी रस्त्याला लागून पुण्याच्या दिशेने गेले होते. उबाळे पुण्यालाच राहायचे, नवरा, बायको आणि मुलगा. चांगली माणसं. फोनवर दर वेळी म्हणायची, "या नाताळला नक्की येतो." त्यांच्या सोसायटीच्या वॉचमनने नंतर सांगितलं की एक जुना लाकडी बाक पार्किंगमध्ये आला आणि लिफ्टची वाट बघत उभा राहिला. कुणाचं तरी फर्निचर असेल म्हणून वॉचमनने लिफ्टचं बटण दाबून दिलं.

पुढच्या रविवारी बाक परत आपल्या जागेवर होता. पॉलिश केल्यासारखा चमकत होता. फटीत उबाळेबाईंच्या चष्म्याची काडी अडकली होती. त्या घरातलं आता कुणी जिवंत नव्हतं, म्हणून बाकाचं कुणाकडे काही मागणंही नव्हतं. तो शांत झाला. तरी त्यावर कुणी बसलं नाही. तो उबाळ्यांचा बाक.

म्हणून मी जात होते. मी आहे तोवर माझा बाक माझ्याकडे मागेल. मी थांबले किंवा संपले, की तो पायऱ्या उतरून शारोनकडे जाईल. तिच्या बिल्डिंगलाही लिफ्ट आहे. फोनवर मी तिला यातलं काही सांगितलं नाही. व्हिडिओ कॉल आला की मी उजवी बाजू समोर करून बसते.

"आई, बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय?"

"वाळल्यासारखी दिसतेस."

"वय झालं. जेवलीस का?"

मनात मात्र मी स्वतःला वजा करत होते. हात गेला, पाय चालला, पुढे काय? नाताळपर्यंत पुरेन, गुड फ्रायडेपर्यंत पुरणार नाही, असं उत्तर येत होतं. मला मरायची भीती वाटत नव्हती. मी संपल्यावर जे होणार होतं त्याच्या भीतीने मला जेवण जात नव्हतं.

हंगामाचा सण आला. आमच्याकडे पिकं निघाली की लोक शेतातलं पहिलं देवळात आणतात. खांबांना उसाची वाढं बांधतात, पुलपिटाखाली भोपळे, बाजरीची कणसं, पाय बांधलेल्या कोंबड्या ठेवतात, आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. मी एक भोपळा घेतला होता. एका हाताने तो काखेत बसवायची खटपट चालली असताना फाटक वाजलं आणि शारोन आत आली. लताबाईंनी तिला फोन केला होता, आणि उबाळ्यांच्या लिफ्टची बातमी तिने पुण्यात आधीच ऐकली होती. तिने मला दारातच उभं करून वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कान कुठाय?"

"देवळात."

"हात?"

"तोही तिथेच. आत ये, चहा टाकते."

"माझ्यामुळे?"

"तुझ्यामुळे नाही. तुझ्या वाट्याचा."

ती ओट्यावर बसली.  रक्ताकडे बघायची तिला सवय आहे, पण माझ्या पायाकडे तिला बघवत नव्हतं. मग एकदम उठली, मागे न्हाणीघराशी गेली आणि बंबाची लाकडं फोडायची कुऱ्हाड घेऊन आली.

"चल," ती म्हणाली.

"तू येऊ नकोस."

"आयुष्यभर ये ये म्हणून माझ्या मागे लागलीस. आता आले."

तिचं म्हणणं खरं होतं. ही एकदा तरी देवळात येवो म्हणून मी गुडघे टेकून किती प्रार्थना केल्या होत्या. त्या प्रार्थनेत कुऱ्हाडीचं काही बोलले नव्हते, एवढंच. मी पदर सावरला आणि लंगडत तिच्या पुढे चालू लागले, तिच्या आधी बाकापाशी पोचायचं म्हणून.

पहिलं गाणं सुरू होतं. मी तशीच लंगडत जाऊन बाकावर बसले, आणि दोन्ही जागा झाकल्या जाव्यात म्हणून आडवी पसरले. बाकाला एवढं एकदम कधी मिळालं नव्हतं. त्याने माझी पाठ धरली. कातडी फळीत शिरली, मग कातडीखालचं. दोन फळ्यांच्या मधल्या फटीत माझा कणा नीट बसला, जसा काही सुताराने मापाने घेतला होता.

"उठ, आई," शारोन म्हणाली.

"उठता येत नाही."

तिने कुऱ्हाड उचलली आणि माझ्या पायांच्या पलीकडे, बाकाच्या अगदी टोकावर घाव घातला. तिथे तर मी नव्हतेच. तरी माझी बरगडी फुटली. फळीतून रक्त उडालं ते तिच्या कुर्त्यावर, भोपळ्यांवर आणि बांधलेल्या कोंबड्यांवर. कोंबड्या ओरडायला लागल्या. मी ओरडले की नाही आठवत नाही. इतके महिने बाक माझ्यावरच पोसला होता. त्याच्यात दुसऱ्या कुणाचं रक्त असणार?

शारोन मागे सरकली. बाकाने टोकाची फळी उचलून तिच्या पावलाकडे तोंड नेलं. पहिल्यांदाच त्याला ती इतकी जवळ सापडली होती. तिने पाय ओढून घेतला, तिचा तोल गेला आणि ती मागच्या बाकावर मटकन बसली.

पेटी थांबली. गाणं थांबलं. माझी पाठ सोलली जात होती, बरगडीतून हवा गळत होती, आणि तरी माझ्या तोंडून काय निघावं?

"शारोन, तो उबाळ्यांचा बाक आहे."

"माहितीय मला."

"मग उठ. असं बसतात का?"

ती उठली नाही. तिला काही झालंही नाही. फळी जागची हलली नाही. ती कोण, कुठल्या घरची, हे त्या बाकाला माहीतच नव्हतं. ती तिथे नुसती बसली होती, बस स्टॉपवर बसावं तशी. नतनेलभाऊ पेटीवरून वळून तिच्याकडे पाहत होते. आपल्या तुटलेल्या पायाकडेही त्यांनी कधी असं भेदरून पाहिलं नव्हतं.

"पाटोळेबाई," ते म्हणाले, "पोरीला सांगा. हे असं चालत नाही."

"का चालत नाही?" शारोनने विचारलं.

भाऊंनी पाळकसाहेबांकडे पाहिलं. साहेब दर रविवारी आम्हाला जवळ या, जवळ या म्हणायचे.  दोन्ही थोटे हात पुलपिटावर ठेवून ते नुसते उभे राहिले. मला त्या क्षणी त्यांचा, भाऊंचा, सासूचा आणि सगळ्यात जास्त माझा संताप आला. एवढी रिकामी जागा आमच्या शेजारी पडून होती, आणि आम्ही एक-एक अवयव देत आपापल्या जागी बसलो होतो.

"आई," शारोन म्हणाली. तिने शेजारची जागा हाताने पुसली. "इथे ये. इथे खूप जागा आहे."

मी उजवा हात टेकून उठायला गेले. पाठ सुटली नाही, बाकच माझ्याबरोबर किंचित वर उचलला गेला. आणि मग त्याने पाय टाकला. एक, मग दुसरा. फरशीवर करकर आवाज झाला. तो वळत होता. मला पाठीला चिकटवून तो शारोनकडे निघाला होता.

"पळ," मी म्हणाले.

"तू आल्याशिवाय नाही."

"शारोन, तुझा वाटा मागायला येतोय तो. पळ."

"पळून कुठे जाऊ? घरी लिफ्ट आहे," ती म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते, पण ती बसून राहिली. लहानपणी इंजेक्शन घेताना अशीच बसायची, डोळे न मिटता.

मी डावा पाय खाली सोडून उरलेल्या टाचेने फरशीला रेटा दिला. काही उपयोग झाला नाही. बाकाच्या पायांमध्ये आता माझंच बळ होतं. कणसं चिरडली गेली, एक भोपळा गडगडत दारापर्यंत गेला. आपापल्या बाकांवर बसलेल्या चार-दोन माणसांनी गायनाची पुस्तकं उघडून तोंडासमोर धरली. शारोनचे गुडघे माझ्या इतके जवळ आले की मला तिच्या सलवारीवरची माझ्याच रक्ताची नक्षी दिसली. माझ्या खालची फळी हळूहळू उघडत होती. ती तिच्यासाठी उघडत होती.

"कुऱ्हाड दे," मी म्हणाले.

"आई, त्याला मारलं की तुलाच लागतं."

"लागणारच. त्याच्यापासून मला तोडायचंय. दे."

तिने कुऱ्हाड फिरवली आणि दांड्याकडून माझ्या हातात दिली. कात्री दुसऱ्याला कशी द्यायची, हे मीच तिला लहानपणी शिकवलं होतं. दांडा ओला होता. मी तो क्षणभर मांडीवर ठेवला, उजवा हात पाठीमागे नेला आणि बोटांनी चाचपून पाहिलं, मी कुठे संपते आणि बाक कुठे सुरू होतो. सगळीकडे गरम होतं, सगळीकडे ठोके पडत होते.

शारोनने बाजूला सरकून माझ्यासाठी जागा केली. मी कुऱ्हाड उचलली.